उपदंशाचे दूरचे उपद्रव



ज्या डॉक्टरसाहेबांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्यात गावचा सावकार आणि त्याचे कूळ एकाच बाकावर बसून आपापल्या पाळीची वाट पाहत, आणि आत गेल्यावर दोघांनाही सारखेच प्रश्न सारख्याच स्वरात विचारले जात, असे त्यांना पाहिलेली वडीलधारी मंडळी सांगतात. हा गुण ऐकायला वाटतो तितका सुलभ नाही. आणि आज मी ज्या रोगाविषयी बोलणार आहे, त्याच्या बाबतीत तर तो फारच दुर्मिळ आहे. उपदंश, ज्याला आपल्याकडे बोलीत गर्मी म्हणतात, हा तो रोग. निमंत्रणपत्रिकेवर त्याचे नाव आडपडदा न ठेवता छापल्याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. या रोगाने आजवर माणसांच्या हृदयाचे, मेंदूचे आणि डोळ्यांचे जे नुकसान केले, त्यात जंतूइतकाच वाटा आपल्या मौनाचाही आहे, हे माझे आजचे मुख्य म्हणणे असल्यामुळे ते मौन पत्रिकेवरच मोडले गेले याचे मला विशेष समाधान वाटते.

शरीरसंबंधातून होणारा रोग म्हटला की ऐकणार्‍याचे लक्ष जननेंद्रियापाशी जाऊन तेथेच अडते. उपदंशाचा तेथला मुक्काम मात्र अगदी अल्पकाळाचा असतो. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी कठीण काठांचा, न दुखणारा एक व्रण उठतो, आणि औषधपाणी करा वा करू नका, काही आठवड्यांत तो आपला आपण भरून येतो. पुढे केव्हातरी अंगावर, आणि विशेषतः तळहातांवर व तळपायांवर, न खाजणारे ताम्रवर्णी चट्टे उमटतात, घसा धरतो, अंग कसकसते, डोक्यावरचे केस जागोजागी विरळ होतात. आणि हेही सारे यथावकाश ओसरते. ज्या भोंदूने मधल्या काळात काहीतरी पुडी दिली असेल त्याला त्याचे श्रेय मिळते, रोगी सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि झाला प्रकार घरी कोणाला कळला नाही याचेच त्याला सर्वांत अधिक समाधान वाटते. यानंतर जी सुप्तावस्था येते ती पाच वर्षांची असेल, तीस वर्षांची असेल, किंवा आजन्म टिकेल. उपचार न झालेल्या रोग्यांपैकी बहुसंख्यांना पुढे काहीही होत नाही, परंतु सुमारे एकतृतीयांशांना होते. आणि हा एकतृतीयांश कोणता, हे आधी ओळखण्याचे साधन वैद्यकाजवळ नाही.

या रोगाच्या जंतूचा शोध १९०५ साली बर्लिनमध्ये फ्रिट्झ शाउडिन या प्राणिशास्त्रज्ञाने आणि एरिश हॉफमन या त्वचारोगतज्ज्ञाने लावला. मळसूत्रासारखी वळणे असलेला, लांबीला सहा ते पंधरा मायक्रॉन आणि जाडीला एक पंचमांश मायक्रॉनच्याही आत, असा हा जीव इतका सडपातळ आहे की साध्या सूक्ष्मदर्शकाच्या उजेडात तो दिसतच नाही. पार्श्वभूमी काळी करून बाजूने प्रकाश सोडला तरच तो चकाकत, अंगाला पीळ देत जाताना दिसतो. कित्येक जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, याला त्यासाठी तीस तासांवर वेळ लागतो. आणि त्याच्या बाह्यावरणावर प्रथिने इतकी थोडी आहेत की शरीराच्या संरक्षक पेशींना धरायला फारसे काही सापडत नाही. त्याची संपूर्ण जनुकसंहिता १९९८ साली वाचली गेली, पण प्रयोगशाळेत त्याला दीर्घकाळ वाढवणे २०१८ पर्यंत कोणाला साधले नव्हते. शिरकाव झाल्यापासून काही दिवसांतच तो रक्तात उतरतो, म्हणजे ज्या वेळी रोगी तो पहिला व्रण पाहतो त्या वेळी रोग त्या व्रणापुरता उरलेलाच नसतो. पुढे ज्या अवयवात तो ठाण मांडतो तेथे त्याची करणी बहुधा एकाच तर्‍हेची असते: बारीक रोहिण्यांचे अस्तर जाड होत जाते, आतला मार्ग आकसतो, भोवती पेशींची दाटी होते, आणि ज्या ऊतीला त्या रोहिणीतून रक्त मिळावयाचे ती उपासमारीने मरते. कोठे त्या जागी रबरासारखी चिवट गाठ बनते, आणि ती फुटली की टाळूला भोक पडते किंवा नाकाचा पडदा ढासळतो.

हे उपद्रव आपल्या देशातील जाणत्या वैद्यांनी फार लवकर हेरले होते. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, आणि त्यानंतरच्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात फिरंगरोग या नावाने याच रोगावर स्वतंत्र प्रकरण येते. बाह्य, आभ्यंतर आणि उभयस्थित असे त्याचे तीन भेद सांगून भावमिश्र उपद्रवांची जी यादी देतो, ती आजच्या पाठ्यपुस्तकाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. रोगी कृश होतो, त्याचे बळ जाते, नाक बसते, अग्नी मंद होतो, हाडे झिजतात आणि वाकतात. सूक्ष्मदर्शक नाही, रक्तपरीक्षा नाही, शवविच्छेदनाचा प्रघात नाही, आणि तरीही नाक आणि अस्थी यांवरचा घाव हा त्या बाहेरच्या व्रणाचाच वारसा आहे, हा कार्यकारणसंबंध त्याने नोंदवून ठेवला. मला स्वतःला या निरीक्षणाचे मोल फार मोठे वाटते. उपचारासाठी तो रसकापूर, म्हणजे पार्‍याचा क्षार, देतो. पण तो गव्हाच्या पिठात गुंडाळून, दातांना स्पर्श होणार नाही अशा बेताने गिळावा अशी सूचनाही करतो, कारण पार्‍याने तोंड येते आणि लाळ गळते हे त्याला ठाऊक होते. दुसरे औषध चोपचिनी. याच शतकात, १५६३ साली, गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा वनौषधींवरील संवादग्रंथ गोव्यात छापला गेला, आणि त्यातही याच रोगावरचा उपाय म्हणून चोपचिनीवर स्वतंत्र संवाद आहे. चीनहून गलबतांतून येणारे एकच मूळ गोव्यातील फिरंगी वैद्य आणि संस्कृतात लिहिणारा भावमिश्र हे दोघेही हाती धरतात, यावरून रोगाने किती अल्पावधीत किती मोठ्या प्रदेशावर अंमल बसवला होता याची कल्पना येते.

आता अवयवांकडे वळतो, आणि प्रथम महारोहिणीकडे. कारण या रोगाची सर्वांत भयंकर करणी मी तेथे पाहिली आहे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात जे संग्रहालय असते, त्यात काचेच्या बरण्यांत फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले अवयव मांडलेले असतात, आणि विद्यार्थ्याने प्रत्येक बरणीसमोर उभे राहून आत काय आहे ते ओळखावे असा शिरस्ता असतो. अशाच एका बरणीत हृदयापासून निघणारा महारोहिणीचा भाग उभा चिरून उघडून ठेवलेला होता. निरोगी रोहिणीचे अस्तर गुळगुळीत आणि तकतकीत असते; हे पाहावे तो जुन्या आंब्याच्या सालीसारखे उभ्या-आडव्या सुरकुत्यांनी भरलेले, मध्येमध्ये तारकाकृती खळगे पडलेले. आणि हृदयापासून चार बोटांवर भिंत बाहेर फुगून तिची मोसंबीपेक्षा मोठी पिशवी झालेली, आत रक्ताच्या गुठळ्यांचे थरावर थर. पिशवीच्या पुढच्या बाजूला उरोस्थीचा एक तुकडा तसाच ठेवलेला होता आणि तो मधोमध खाल्ला गेलेला होता. कारण जिवंतपणी दर ठोक्यागणिक ती पिशवी त्या हाडावर आदळत होती, आणि हाडासारखे हाड त्या माराने विरघळले होते. चिठ्ठीवर रोग्याचे नाव नव्हते. पुरुष, वय ४८, आणि पेशाच्या रकान्यात हमाल एवढीच नोंद.

हे का घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. महारोहिणीतून अष्टौप्रहर रक्त वाहते, पण तिच्या स्वतःच्या जाड भिंतीच्या बाहेरच्या थरांना ते आतून पोहोचत नाही. त्यासाठी भिंतीत शिरणार्‍या केसासारख्या बारीक रोहिण्यांची निराळी तजवीज असते. उपदंशाचा जंतू नेमक्या या बारीक रोहिण्या बंद पाडतो. मधल्या थरातील लवचिक तंतू मरतात, त्यांच्या जागी ताठ व्रणऊती येते, आणि जी भिंत दर ठोक्याला ताणून पुन्हा आकसावयाची ती ताणलेलीच राहू लागते. झडपेचे कडे पसरले की झडप नीट मिटत नाही, बाहेर टाकलेले रक्त हृदयात परत येते, आणि नाडी बोटाखाली जोराने उसळून एकाएकी कोसळते. हृदयालाच रक्त पुरवणार्‍या रोहिण्यांची मुखे याच जागी उघडतात. ती व्रणाने आकसली तर चरबीचा कण नसतानाही छातीत कळ येते. फुगवटा कमानीवर असेल तर डाव्या स्वरतंतूचा मज्जातंतू त्याखाली चेपतो आणि आवाज बसतो. बसलेला आवाज घेऊन घशाच्या डॉक्टरकडे जाणार्‍या माणसाला आपल्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या, आठवणीतून पुसून टाकलेल्या एका व्रणाविषयी कोण विचारणार, आणि विचारले तरी बायकामुलांसमक्ष तो काय सांगणार? छातीच्या क्ष-किरण चित्रात महारोहिणीच्या आरंभीच्या भागात चुन्याची बारीक रेघ दिसली तर जुन्या पिढीतील डॉक्टर लगेच उपदंशाची शंका घेत. ती नजर आता विरळ झाली आहे, आणि हे माझ्या मते वैद्यकशिक्षणाचे नुकसान आहे.

मज्जासंस्थेची हकीकत यापेक्षा दीर्घ आहे. उन्माद, विस्मृती, हस्ताक्षराचा थरकाप, जिभेचा अडखळ, आपण सम्राट आहोत, आपल्याजवळ कुबेराची संपत्ती आहे असे भ्रम, आणि अखेर सर्वांगाचा पक्षाघात, हे रोगचित्र आंत्वान बेल याने १८२२ साली पॅरिसमध्ये वर्णिले. पण त्याचे मूळ उपदंशात आहे की नाही यावर पुढे नव्वद वर्षे वाद चालला. १९१३ मध्ये हिदेयो नोगुची या जपानी शास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमध्ये अशा रोग्यांच्या मेंदूत प्रत्यक्ष जंतू दाखवला तेव्हा त्याचा फैसला झाला. उपाय मात्र हाती नव्हता. व्हिएन्नाच्या यूलिउस वाग्नर-याउरेगने १९१७ साली अशा रोग्यांना मुद्दाम हिवतापाचे रक्त टोचले, चढत्या तापाने जंतू मरतात या अपेक्षेने, आणि नंतर कोयनेल देऊन हिवताप आवरला. या जिवावरच्या उपायाला १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, यावरून त्या रोगापुढे वैद्यक किती हतबल झाले होते ते दिसते.

पृष्ठरज्जूवरचा उपद्रव याहून फसवा. पायांतून विजेसारख्या कळा धावतात. पायाखालच्या जमिनीची जाणीव नाहीशी होते, म्हणून माणूस पावले जोराने आपटत आणि पायांकडे पाहत चालतो. आणि सकाळी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की त्याचा तोल जातो, कारण तोल सांभाळण्यासाठी आता त्याला नजरेखेरीज दुसरा आधार उरलेला नसतो. पोटात एकाएकी असह्य कळ येऊन वांत्या सुरू होतात आणि काही दिवसांनी आपोआप थांबतात. या कळेपायी कित्येकांची पोटे विनाकारण चिरली गेली. आल्फाँस दोदे या फ्रेंच कादंबरीकाराला हाच विकार होता, आणि त्याने आपल्या वेदनांची जी टिपणे ठेवली ती त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी प्रसिद्ध झाली. वेदनेचे इतके प्रामाणिक निरीक्षण वैद्यांच्या कागदपत्रांतही क्वचितच आढळते.

माझ्या उमेदवारीच्या काळात एक पन्नाशीचे गृहस्थ सुजलेला गुडघा घेऊन आले होते. गुडघा दुधी भोपळ्याएवढा, हात लावला की आत हाडांचे तुकडे एकमेकांवर घासल्याचा आवाज येई, आणि गृहस्थ त्या पायावर भार देऊन खुशाल चालत होते. “दुखत नाही हो, नुसता वेडावाकडा झालाय,” असे ते म्हणाले. आमच्या प्राध्यापकांनी गुडघ्याकडे फारसे पाहिले नाही. त्यांनी गृहस्थांना खिडकीकडे तोंड करून बसवले आणि डोळ्यांवर विजेरीचा झोत टाकला. बाहुल्या आधीच बारीक आणि कडेने वेड्यावाकड्या होत्या, त्या उजेडाने यत्किंचितही हलल्या नाहीत. मग त्यांनी आपले बोट नाकाजवळ आणून त्याकडे पाहावयास सांगितले, आणि त्याच बाहुल्या आकसल्या. उजेडाला दाद न देणारी पण जवळच्या वस्तूला दाद देणारी ही बाहुली १८६९ साली एडिंबरोच्या डग्लस आर्गाइल रॉबर्टसनने वर्णिली आहे. सांध्याची वेदना वाहून नेणारे मज्जातंतूच मेल्यामुळे तो गुडघा रोज थोडा थोडा मोडत गेला होता आणि धन्याला त्याची खबर लागली नव्हती. प्राध्यापकांनी पडदा ओढून घेतला, विद्यार्थ्यांना बाहेर काढले, आणि गृहस्थांना म्हणाले, “काका, एक जुनी गोष्ट विचारायची आहे. उत्तर माझ्यापाशी राहील.” पडद्यामागे पाऊण तास गेला. रोग्याची कैफियत कशी घ्यावी, याचा याहून चांगला पाठ मला कोणी दिला नाही.

मेंदू-पृष्ठरज्जूचे हे विकार वीस-वीस वर्षांनी येतात, परंतु डोळे आणि कान यांना तेवढी मुदत मिळेलच असे नाही. जंतू तेथे पहिल्या काही महिन्यांतही पोहोचतो. डोळा लाल होतो, नजर धुरकट होते, आणि दाह म्हणून त्यावर नुसती स्टेरॉइडे दिली गेली तर मूळ रोग मोकाटच राहतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात २०२२ साली पाच स्त्रियांना अशा नेत्रविकाराने गाठले. तपास केल्यावर पाचहीजणींचा एकच सामाईक साथीदार निघाला. कानाचीही तीच गत: एका बाजूला ऐकू कमी येऊ लागते, कानात नाद घुमतो, भोवळ येते, आणि वयाचा परिणाम म्हणून प्रकरण दाखल होऊन निकालातही निघते. वेळीच ओळखले तर डोळ्यांच्या या विकाराला पेनिसिलीन बहुधा चांगला गुण देते.

इतर अवयवांचे उपद्रव विरळा आहेत, पण डॉक्टरने ते मनात बाळगलेच पाहिजेत. दुसर्‍या अवस्थेत यकृताला सूज येऊन रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज हे द्रव्य काविळीच्या मानाने अवाजवी वाढते. मूत्रपिंडाच्या गाळणीत प्रतिद्रव्यांचे थर साचून लघवीतून प्रथिन वाहू लागते, सकाळी पापण्या आणि संध्याकाळी पाय सुजतात, आणि उपदंश बरा केला की तो मूत्रपिंडाचा विकारही बहुधा मावळतो. जठराची भिंत जाड होऊन दुर्बिणीत तो हुबेहूब कर्करोग भासतो. एक उपद्रव तर असा, की थंडीत बाहेर पडलेल्या रोग्याला हुडहुडी भरते आणि त्याची लघवी काळसर लाल होते. व्हिएन्नात युलियस डोनाथ आणि कार्ल लँडस्टाइनर यांनी १९०४ मध्ये याचा उलगडा केला: रक्तातील एक प्रतिद्रव्य थंडीत तांबड्या पेशींना चिकटते, आणि रक्त पुन्हा ऊब धरताच त्या पेशी फुटतात. शरीराची स्वतःची शस्त्रे शरीरावर उलटतात याचा हा अगदी आरंभीचा पुरावा, आणि तो मुख्यतः उपदंशाच्या रोग्यांच्या रक्तात हाती आला.

हे ज्ञान आपल्याला कोणाच्या जिवावर मिळाले, हे सांगितल्याविना पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. नॉर्वेत ओस्लो येथे सीझर बोक या प्राध्यापकाने १८९१ ते १९१० या काळात सुमारे दोन हजार रोग्यांना पार्‍याची औषधे देण्याचे नाकारले, कारण त्यांचा अपाय उपायाहून मोठा आहे असे त्याचे प्रामाणिक मत होते. त्या रोग्यांचे पुढे काय झाले याचा हिशेब १९५५ साली प्रसिद्ध झाला, आणि सुमारे एकतृतीयांशांना उपद्रव होतात हे प्रमाण मुख्यतः तेथूनच आले आहे. हा मार्ग मला समजतो. अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून जे घडले ते मात्र समजून घेण्यापलीकडचे आहे. उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णी पुरुषांना, बहुतेक गरीब शेतमजुरांना, सरकारी आरोग्यखात्याने त्यांच्या रोगाचे खरे नाव सांगितले नाही. मेल्यावर शवविच्छेदन करता यावे म्हणून अंत्यसंस्काराच्या खर्चाचे आमिष दाखवले. आणि पेनिसिलीन सर्वत्र मिळू लागल्यावरही ते त्यांच्यापर्यंत पोहोचू दिले नाही. वर्तमानपत्रांनी १९७२ साली वाचा फोडली तेव्हा, चाळीस वर्षांनी, हे थांबले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९७ च्या मे महिन्यात माफी मागितली. ग्वाटेमालात १९४६ ते १९४८ च्या दरम्यान तर अमेरिकी डॉक्टरांनी कैदी, सैनिक आणि मनोरुग्ण यांना हा रोग मुद्दाम लावला होता. महारोहिणीचा उपदंश शिकवताना मी ही हकीकत नेहमी सांगत आलो. ज्या शास्त्राला ही माहिती लपवावीशी वाटते त्याच्या हाती रोगी सुरक्षित नाही.

उपायाचा इतिहास याहून उजळ आहे. पाउल एर्लिख आणि साहाचिरो हाता यांनी शोधलेले, ६०६ या क्रमांकाने ओळखले जाणारे सोमलयुक्त औषध १९१० मध्ये बाजारात आले. १९४३ साली जॉन माहोनी यांनी न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवरील रुग्णालयात चार रोग्यांना पेनिसिलीन टोचले आणि चौघांचेही व्रण भरले. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि लवकरच पेनिसिलीन देशात बनू लागले. आजही ऐंशी वर्षांच्या वापरानंतर या जंतूने पेनिसिलीनला दाद देणे सोडलेले नाही. आरंभीच्या अवस्थेत दीर्घकाल टिकणार्‍या बेंझाथीन पेनिसिलीनच्या २४ लाख युनिटांची एक मात्रा पुरते. सुप्तावस्था जुनी असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. मेंदू किंवा डोळा यांत शिरकाव झाला असेल तर इस्पितळात ठेवून शिरेतून दहा ते चौदा दिवस. परंतु हे औषध जंतू मारते, मेलेला मज्जातंतू उठवत नाही आणि फुगलेली महारोहिणी आकसवत नाही. म्हणून त्याची खरी जागा त्या दीर्घ, निवांत, लक्षणरहित वर्षांत आहे.

आणि नेमकी ती वर्षे लज्जेत जातात. ही लज्जा समाजाने कोणाच्या माथी मारली तेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजी अमलात सांसर्गिक रोगांविषयी १८६८ चा जो कायदा झाला, त्यान्वये नोंदलेल्या वेश्यांची सक्तीने तपासणी होई, प्रसंगी त्यांना इस्पितळात डांबले जाई; त्यांच्याकडे जाणार्‍या पुरुषांसाठी त्या कायद्यात एकही कलम नव्हते. वीस वर्षांनी कायदा रद्द झाला, वृत्ती मागे राहिली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयांवर स्वच्छ मराठीत लिहिले, त्यापायी अश्लीलतेचे खटले आणि दंड सोसले. त्यांच्या सर्वच मतांशी मी सहमत नाही, पण रोगाला रोग म्हणण्याचे जे धैर्य त्यांनी दाखवले ते आमच्या धंद्यातील मोठमोठ्या हुद्देदारांनी दाखवले नाही.

उपदंशासाठी केलेल्या रक्तपरीक्षेच्या दाखल्यावर ‘व्ही.डी.आर.एल. पॉझिटिव्ह’ असे दोन शब्द आले की घरात जो हाहाकार उडतो तो मी अनेकदा पाहिला आहे. त्या शब्दांवरून कोणाच्याही चारित्र्याचा निवाडा होत नाही. हिवताप, कुष्ठरोग, संधिवाताचे काही प्रकार, क्वचित गरोदरपणही, यांत ही परीक्षा खोटीच होकारार्थी येते, म्हणून दुसर्‍या पद्धतीच्या परीक्षेने खातरजमा करावी लागते. उलटपक्षी रोग फार जुना असेल तर पहिली परीक्षा नकारार्थी येऊनही महारोहिणी पोखरलेली असू शकते. खरा संसर्ग असला तरी ज्या स्त्रीने नवर्‍याखेरीज कोणा पुरुषाची ओळखही ठेवली नाही तिलाही तो होतो, आणि तिच्या उदरातील गर्भालाही. मृत मूल जन्मते. किंवा जिवंत मुलाचे नाक वाहते, यकृत-प्लीहा वाढलेली असतात, हाडांच्या दाहामुळे ते एखादा हात हलवतच नाही. कित्येकदा मूल धडधाकट दिसते आणि शाळेत जाण्याच्या वयात त्याच्या बुबुळांवर सायी धरतात, समोरच्या दातांच्या कडेला खाच दिसते, आणि ऐकू येईनासे होते. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात ओळखून दिलेले हे त्रिकूट आजही तसेच दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात अकरा लाख गरोदर स्त्रियांना उपदंश होता. आणि ही केवळ दरिद्री देशांची गोष्ट नव्हे: अमेरिकेत २०१२ साली जन्मजात उपदंशाची सव्वातीनशेवर बालके नोंदली गेली होती, ती २०२२ मध्ये पावणेचार हजारांच्या घरात गेली.

आपल्याकडे गरोदरपणाच्या नोंदणीत ही रक्तपरीक्षा समाविष्ट आहे, आणि सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा’ केंद्रांत तपासणी व उपचार विनामूल्य होतात. मी जेथे जेथे अशी दफ्तरे चाळली तेथे तेथे स्त्रीच्या परीक्षेचा रकाना बहुधा भरलेला आढळला, आणि तिची परीक्षा होकारार्थी आली असतानाही पतीच्या परीक्षेचा रकाना पुष्कळदा कोरा. तिला मात्रा मिळते, ती घरी जाते, आणि त्याच घरात तिला संसर्ग पुन्हा होतो. काही डॉक्टर रिअ‍ॅक्शनच्या भयाने पेनिसिलीन देण्याचेच टाळतात आणि दुय्यम गोळ्यांवर वेळ मारून नेतात. गरोदर स्त्रीच्या बाबतीत ही हयगय अक्षम्य आहे, कारण गर्भाचे रक्षण करील असे भरवशाचे दुसरे औषधच नाही. आवश्यक ती खबरदारी घ्यावी, रिअ‍ॅक्शन आल्यास लागणारी सामग्री हाताशी ठेवावी, आणि प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी मात्रा पूर्ण होईल अशी तजवीज करावी.

सभागृहात डॉक्टर आहेत, त्यांना माझी विनंती आहे की अकारण बसलेला आवाज, एका कानाचे बहिरेपण, डोळ्याचा न उलगडणारा दाह, न दुखणारा सुजलेला सांधा समोर आला, तर पडदा ओढून घेऊन ती जुनी गोष्ट विचारावी आणि रक्त तपासावे. आणि येथे जे पती, जे होणारे पिते बसले आहेत, त्यांना एवढेच सांगतो की ज्या दिवशी पत्नी नोंदणीसाठी रक्त देईल, त्याच दिवशी, त्याच खिडकीशी, आपणही बाही वर करून रक्त द्यावे.